इंजिनाकडे सगळ्यात शेवटी बघा: पहिली जुनी इटालियन मोटारसायकल घेताना

मी पहिली जुनी इटालियन गाडी बघायला गेलो तेव्हा मिलानजवळच्या गावात नोकरीसाठी येऊन मला दीड वर्ष झालं होतं. सोबत खालच्या मजल्यावरचे आजोबा होते, जन्मभर लेथवर उभे राहिलेले. गॅरेजचं शटर वर गेलं आणि आत लाल टाकीची मोटो गुत्झी दिसली. मालकाने बटण दाबलं, गाडी एका फटक्यात चालू झाली आणि मी मनातल्या मनात पैसे मोजायला लागलो. आजोबा काहीच बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "ब्लॉक कोमट होता." आम्ही पोचायच्या आधीच त्या गृहस्थाने गाडी तापवून ठेवली होती, म्हणजे थंड असताना ती चालू व्हायला किती त्रास देते ते आम्हाला कळू नये. बटण दाबायच्या आधी आजोबा सहज टेकल्यासारखे गाडीपाशी उभे राहिले होते, ते हात लावून बघायलाच.

ती गाडी मी घेतली नाही. नंतर तीन घेतल्या आणि एक विकली. इंजिनाच्या प्रेमात पडून गाडी घ्यायची नाही, एवढं त्यातून शिकलो. इंजिन नावाजलेलं असतंच, म्हणून तर आपण तिथवर जातो. माणूस फसतो तो बाकीच्या गोष्टींत. पुढचा सगळा क्रम त्यासाठीच तसा लावलाय: इंजिन शेवटी.

(उच्चाराचं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे ‘गुझी’ म्हणतात, इटलीत ‘गुत्झी’. गुझी म्हटलंत तर काउंटरवरचा माणूस प्रेमाने दुरुस्त करेल आणि मग भाव सांगेल.)

आधी नुसतं बघा आणि ऐका

पहिले काही महिने खिशात हात घालू नका. लेक्कोहून कोमो सरोवराच्या काठाने आगगाडी वर जाते, त्या वाटेवर मांदेल्लो देल लारियो हे गाव आहे. 1921 पासून गुत्झी तिथेच बनते. पहिल्या महायुद्धात तिघांची मैत्री जमली: मेकॅनिक कार्लो गुत्झी आणि दोन वैमानिक, जॉर्जो पारोदी आणि जोव्हान्नी रावेल्ली. युद्ध संपल्यावर मिळून मोटारसायकली बनवायच्या असं ठरलं होतं. रावेल्ली 1919 मध्ये विमान अपघातात गेला. टाकीवरचा पंख पसरलेला गरुड त्याच्या आठवणीत आहे. कारखान्याचं संग्रहालय तिथेच आहे, फक्त जाण्याआधी उघडं आहे ना ते विचारून घ्या.

संग्रहालयात जुन्या आडव्या सिलिंडरच्या गाड्यांपुढे जरा जास्त थांबा. पहिली ‘नॉर्माले’ 498 सीसीची होती. सिलिंडर जमिनीला समांतर आणि पुढे तोंड करून, म्हणजे वारा थेट हेडवर आणि वजन खाली. फ्लायव्हील इंजिनाच्या बाहेर उघडं फिरतं, मोठ्या ताटाएवढं. ते आतच घेतलं नाही म्हणून क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं घर, आटोपशीर राहिला. ही गाडी आयडलिंगला उभी असताना ठोके मोजता येतात. बुलेटचा ठोका ज्यांच्या कानात मुरलाय त्यांना ती लगेच आवडते, फक्त हिचा आवाज आणखी सावकाश आणि जरा कोरडा.

मग व्ही-ट्विन बघा. 1967 ची व्ही7 जूलिओ चेझारे कारकानोच्या इंजिनावरची. दोन सिलिंडर 90 अंशांत, एक उजवीकडे बाहेर आलेला, एक डावीकडे, आणि मागच्या चाकाला चेनऐवजी शाफ्ट. इंजिनाच्या डोक्यावर जनरेटर बसवलेला असल्यामुळे ती गाडी उंच आणि थोराड दिसते. लीनो तोंतीने 1971 च्या व्ही7 स्पोर्टमध्ये जनरेटर काढून क्रँकच्या पुढच्या टोकाला अल्टर्नेटर बसवला. मोकळ्या झालेल्या जागेतून फ्रेमचे सरळ पाइप नेले आणि अख्खी गाडी खाली बसली. एक भाग हलवला आणि पोलिसांच्या ताफ्यातल्या गाडीतून रेसची गाडी निघाली. व्ही7 आणि व्ही7 स्पोर्ट शेजारीशेजारी उभ्या दिसल्या की हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बोलोन्याच्या डुकाटीचा स्वभाव वेगळा. साध्या इंजिनात कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. फार वेगात स्प्रिंग मागे पडते आणि व्हॉल्व्ह वेळेत बसत नाही. डुकाटीच्या फाबियो ताल्योनीने बंद करायलाही वेगळा रॉकर (व्हॉल्व्ह हलवणारी छोटी दांडी) दिला, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलून उघडायचा आणि ओढून मिटायचा. हीच डेस्मो पद्धत. कल्पना त्याच्याआधीची आहे, मर्सिडीजने 1954 च्या रेसिंग कारमध्ये ती वापरली होती, पण मोटारसायकलवर ती टिकवली ताल्योनीनेच. एप्रिल 1972 मध्ये इमोलाच्या 200 मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आला आणि ब्रुनो स्पाज्जारी दुसरा, दोघेही डुकाटी 750 वर. बोलोन्यातली म्हातारी माणसं त्या दिवसाबद्दल अशी बोलतात, जशी आपल्याकडे 1983 च्या वर्ल्डकपबद्दल.

लाव्हेर्दा ब्रेगांझे गावची. शेतीची यंत्रं बनवणाऱ्या घराण्याची गाडी, आणि दिसतेही तशीच मजबूत. 750 एसएफमधलं ‘एसएफ’ म्हणजे ‘सुपर फ्रेनी’, अर्थात जबरदस्त ब्रेक. गाडीला ब्रेकवरून नाव देणारे हे लोक मला फार आवडतात. चार सिलिंडरच्या एमव्ही अगुस्ताला मात्र नवख्याने दुरूनच नमस्कार करावा.

पहिली कुठली

माझं मत सरळ आहे: 1975 नंतरची गुत्झी 850 टी3, किंवा मोरीनी 3½.

टी3 वर काम करणं सोपं. दोन्ही हेड बाहेर आलेले असल्याने टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवायचं बारीक अंतर, सेट करायला टाकीसुद्धा काढावी लागत नाही, स्टुलावर बसायचं आणि करायचं. आधीच्या मोठ्या गुत्झींमध्ये ऑइल फिल्टर नव्हता, नुसती जाळी होती. टी3 मध्ये फिल्टर आला. सुटे भाग आजही मिळतात. सगळं मेट्रिक मापात आहे, त्यामुळे जुन्या ब्रिटिश गाड्यांसारखा व्हिटवर्थ पान्यांचा वेगळा डबा लागत नाही.

मोरीनी 344 सीसीची, हलकी, सहा गिअरची. दोन सिलिंडरमधला कोन 72 अंशांचा, हेड तळाशी सपाट आणि जळणाची जागा पिस्टनच्या माथ्यात खोलगट कोरलेली. थोड्या पेट्रोलवर खूप पळते. उंची बेताची असेल तर डोळे झाकून हीच.

बेव्हल गिअरची जुनी डुकाटी व्ही-ट्विन पहिली गाडी म्हणून नको. वरच्या कॅमपर्यंत शाफ्ट आणि शंकूच्या आकाराच्या गिअरने फिरणं जातं, आणि ते गिअर बसवताना शिम, म्हणजे पातळ चकत्या, लावून लावून अंतर जुळवावं लागतं. ते हात सगळ्यांचे नसतात, ज्यांचे असतात ते घाईत नसतात, आणि बिल मात्र घाईत येतं. डुकाटीच हवी असेल तर एक सिलिंडरची 250 बघा. तिची किक डावीकडे असते, पहिले आठ दिवस पाय गोंधळतो.

भारतात असाल तर हाच हात आपल्याकडच्या युरोपीय नातलगांवर बसवता येतो. म्हैसूरला बनलेली जावा मूळची चेक, राजदूत 175 पोलंडच्या एसएचएलची, आणि आकुर्डीच्या बजाजने 1960 च्या दशकात परवान्यावर बनवली ती व्हेस्पा तर थेट इटलीची. कार्बोरेटर, पॉइंट आणि टायमिंग यांचं शिक्षण तिथेही तेच मिळतं, आणि खूप स्वस्तात.

पहिली पायरी: कागद

इथून पुढचं इटलीत गाडी घेणाऱ्यासाठी. गाडी बघायला जायच्या आधी फोनवर नंबरप्लेटचा क्रमांक मागून घ्या. त्यावरून ‘पीआरए’ नावाच्या सरकारी नोंदवहीचा उतारा थोड्या पैशांत कोणालाही मिळतो, त्याला ‘व्हिझूरा’ म्हणतात. आपल्या सातबाऱ्यासारखं समजा. मालक कोण, बोजा आहे का, आणि गाडी नोंदीतून काढलेली म्हणजे ‘रादियाता’ तर नाही, हे त्यात कळतं. रादियाता गाडी पुन्हा रस्त्यावर आणता येते, पण ते वेगळं आणि लांबलचक काम आहे. पहिल्या गाडीला असला उद्योग अंगावर घेऊ नका.

मालकाकडे ‘लिब्रेत्तो’ हवा, म्हणजे गाडीचं पुस्तक. जुनी मूळची नंबरप्लेट, जिच्यावर प्रांताची अक्षरं असतात (कोमोसाठी सीओ, बोलोन्यासाठी बीओ), तशीच शाबूत असेल तर दोन पैसे जास्त द्या. 20 वर्षांच्या वरच्या गाडीची मोटारसायकल महासंघाच्या ऐतिहासिक नोंदवहीत नोंद करता येते, आणि त्यावर स्वस्त विमा मिळतो. 30 वर्षं ओलांडलेल्या गाडीला मालकीचा कर माफ. रस्त्यावर काढली त्या वर्षी फक्त एक छोटी ठरावीक रक्कम भरायची.

भारतात न्यायचा विचार असेल तर गाडी घेण्याआधीच कस्टम एजंटशी बोला, नंतर नाही. आपल्याकडे 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे, पण ती रोज ऑफिसला जायला नाही.

दुसरी पायरी: नंबर

खिशात टॉर्च आणि जुनं फडकं ठेवा. लिब्रेत्तोतला नंबर फ्रेमवर शोधा, मळ पुसा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. नवखे इथे एका गमतीला हमखास बळी पडतात. फ्रेमवर किंवा इंजिनावर ‘डीजीएम’ने सुरू होणारा एक क्रमांक ठोकलेला असतो. तो त्या मॉडेलला सरकारने दिलेल्या मंजुरीचा क्रमांक आहे, आणि त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांवर तोच असतो. मी एकदा तोच जुळवत बसलो होतो आणि विकणारा गप्प उभा राहून बघत होता.

खऱ्या नंबरभोवतीचा धातू बघा. रंगाखाली घासल्याच्या खुणा आहेत का? आकडे एका ओळीत, एकाच खोलीचे आहेत का? शंका आली तर नमस्कार करून निघा.

तिसरी पायरी: किरकोळ म्हणतात ते भाग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इंजिनाचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग मिळतात, कारण ते झिजतात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी ना कोणी ते बनवत राहतो. साइड पॅनेल, टाकीचं मूळ झाकण, वेल्याचा स्पीडोमीटर, सीईव्हीचा हेडलाइट आणि हँडलवरचे स्विच, त्या वर्षीचा नेमका सायलेन्सर, सीटच्या मागची पट्टी यांचं तसं नसतं. हे एकदा हरवले की शोधत फिरावं लागतं. माझ्या दुसऱ्या गाडीचं डावं साइड पॅनेल नव्हतं. "हे काय, कुठेही मिळेल," असं विकणारा म्हणाला. चौदा महिने लागले. शेवटी मिळालं ते हिरव्या रंगाचं, आणि माझी गाडी काळी.

म्हणून जाण्याआधी त्या मॉडेलचं सुट्या भागांचं कॅटलॉग डाउनलोड करा आणि त्यातली चित्रं समोर धरून गाडीभोवती फिरा. जे नाही त्यावर खूण करा. रंग उडालेली, गंज धरलेली, पण भागांनी पूर्ण असलेली गाडी चकचकीत पण अर्धवट गाडीपेक्षा कधीही बरी. इटलीत मूळ रंगातल्या, कुणी हात न लावलेल्या गाडीला ‘कोन्सेर्व्हाता’ म्हणतात, आणि जाणकार तिला नव्याने रंगवलेल्या गाडीच्या वर धरतात. खरं सांगायचं तर ताज्या रंगाखाली काय झाकलंय हे फक्त रंगवणाऱ्याला माहीत असतं.

रिमवर नाव कोरलंय का बघा. बोर्रानीची अ‍ॅल्युमिनियमची रिम असेल तर तेवढीच एक लॉटरी. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. तीनच आकडे दिसले तर टायर 2000 सालाआधीचा. नक्षी कितीही खोल असो, तो फेकायचा.

टाकी ठोकून बघा. सत्तरच्या दशकातल्या काही डुकाटींची टाकी फायबरग्लासची आहे. आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने ती आतून मऊ पडते, फुगते, आणि तो चिकटा थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. झाकण उघडून वास घ्या. वार्निशसारखा आंबूस वास आला तर गाडी वर्षानुवर्षं उभी आहे, विकणारा काहीही सांगो.

चौथी पायरी: थंड गाडी

भेट ठरवतानाच स्पष्ट सांगा: मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी हात लावा, दोन्ही सिलिंडरला.

टी3 ला पेट्रोलचे दोन्ही कॉक उघडायचे, चोक ओढायचा, थ्रॉटलला हात लावायचा नाही आणि बटण दाबायचं. थंडीत ती थोडी कुरकुरते, एका सिलिंडरवर दोन-चार ठोके घेते, मग दुसरा जागा होतो. तेवढं माफ. काळा धूर चोकचा असतो, चोक आत केला की जातो. निळा धूर ऑइलचा, तो तापल्यावरही राहिला तर प्रश्न विचारा. उभ्या गाडीचा थ्रॉटल झटकन पिळलात तर ती उजवीकडे कलते. घाबरू नका, क्रँक गाडीच्या लांबीत फिरतो म्हणून तसं होतं. गुत्झीवाले हे पाहुण्यांना मुद्दाम करून दाखवतात.

गुत्झीच्या फाल्कोनेसारखी जुनी आडव्या सिलिंडरची गाडी बघत असाल तर मालकालाच किक मारू द्या आणि त्याचे हात बघा. कार्बोरेटरवरची टिकली दाबून पेट्रोल ओघळेपर्यंत भरायचं. हँडलवरच्या दांडीने ठिणगी उशिरावर न्यायची, नाहीतर किक उलटते आणि पोटरी सुजते. डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) धरून पिस्टन वरच्या टोकाच्या जरासा पुढे आणायचा, डीकॉम्प्रेसर सोडायचा, आणि मग पूर्ण वजन टाकून एकच लांब किक. ज्याची गाडी खरोखर चालवली जाते तो हे सगळं बोलता बोलता करतो. जो प्रत्येक पायरीला थांबून आठवतो, त्याची गाडी वर्षातून एकदा चालू होते.

पाचवी पायरी: आता इंजिन

इथवर सगळं जमलं असेल तरच. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच गुत्झींच्या सिलिंडरला आतून क्रोमचा मुलामा आहे. खूप वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत त्याचे पापुद्रे सुटतात आणि ऑइलमधून बेअरिंगपर्यंत पोचतात. अशा ब्लॉकला साधा रिबोअर (सिलिंडर आतून कोरून मोठा करणं) होत नाही, सिलिंडर-पिस्टनचा नवा जोड लागतो. प्लग काढा, आत टॉर्च मारा, किंवा मोबाइलला जोडायचा स्वस्तातला कॅमेरा सोडा. भिंत आरशासारखी एकसंध दिसली पाहिजे. मालकाची हरकत नसेल तर ऑइलची डिपस्टिक पांढऱ्या कागदावर टेकवा आणि उन्हात धरा. चमचम दिसली की किंमत निम्मी करा किंवा घरी जा.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या घंटेसारख्या भागाला खाली भोक असतं. तिथून ऑइल टपकत असेल तर क्रँकच्या मागचं सील गेलंय, आणि क्लच कोरडा असल्यामुळे तो आज ना उद्या घसरणार. सील स्वस्त आहे, पण तिथपर्यंत पोचायला गाडी अर्धी उघडावी लागते. तोंतीच्या फ्रेमचे खालचे पाइप बोल्टने सुटतात, त्यामुळे इंजिन जमिनीवर ठेवून वरची फ्रेमच उचलून घेतात. शनिवार-रविवारचं काम, दोन माणसांचं.

मागचं चाक उचलून गिअरमध्ये हाताने पुढे-मागे हलवा. थोडी ढिलाई चालते, पण ‘टक्’ असा धातूचा आवाज आला तर शाफ्टचा जॉइंट किंवा बेअरिंग बघावं लागेल. टॅपेटची टिकटिक मात्र असू द्या. टॅपेट वाजत असतील तर निदान व्हॉल्व्ह जळत नाहीयेत, असं आजोबा म्हणतात, आणि ते खरं आहे.

चालवून बघताना

टी3 चा पायातला ब्रेक मागच्या डिस्कबरोबर पुढचीही एक डिस्क धरतो. हातातला ब्रेक फक्त पुढची दुसरी. आपल्याकडे बऱ्याच जणांना सगळं हातावर करायची सवय असते, तशी इथे केली तर गाडी थांबायला नाखूश वाटेल. पाय वापरा. व्ही7 स्पोर्टचा गिअर उजव्या पायात आहे, जुन्या बुलेटवर शिकलेल्याला तिथे घरच्यासारखं वाटतं. शाफ्टच्या गाडीचा मागचा भाग थ्रॉटल दिला की उठतो आणि सोडला की बसतो, म्हणून वळणाच्या मधोमध थ्रॉटल एकदम सोडू नका. गिअर सावकाश टाका. फ्लायव्हील जड आहे, घाई केली की खडखडाट करून नाराजी सांगते.

घरी आणल्यावर

काही मिरवायच्या आधी सगळी ऑइलं बदला: इंजिन, गिअरबॉक्स, मागची ड्राइव्ह. ब्रेकचे रबरी पाइप आणि पेट्रोलच्या नळ्या न बघता नव्या घाला. वायरिंगचे अर्थिंगचे जोड उघडून घासा. इटालियन वायरिंगची जेवढी बदनामी आहे, तिच्यातली अर्धीअधिक निव्वळ गंजलेल्या अर्थिंगची आहे. फ्यूजबॉक्स उघडलात की हे लगेच पटतं.

सुट्या भागांसाठी ‘मोस्त्रा स्कांब्यो’ला जा, जुन्या भागांची जत्राच म्हणा. मिलानच्या विमानतळाजवळ नोव्हेग्रोला भरते, आणि सप्टेंबरात इमोलाच्या रेस ट्रॅकवर मोठी भरते. पहाटे जा, रोख पैसे न्या, माप घ्यायचा व्हर्निअर न्या, आणि मोडलेला भाग पिशवीत बरोबर ठेवा. आठवणीवर विसंबून घेतलेला भाग नेमका दोन मिलिमीटरने चुकतो. माझं ते हिरवं पॅनेल मी इमोलालाच घेतलं, पावसात, एका ताडपत्रीखालून.

नोव्हेंबरात रस्त्यांवर मीठ पडायला लागलं की गाडी आत घ्या. लोखंडी टाकी गळ्यापर्यंत भरा म्हणजे आतून गंजणार नाही, कार्बोरेटरचे बाउल रिकामे करा, बॅटरी काढून घरात आणा. मधूनच पाच मिनिटं चालू करून बंद करण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण गाडी पूर्ण तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून सडतो. मार्चमध्ये पहिल्यांदा चालू करताना आजोबांना हाक मारतो. ते खाली येतात, ब्लॉकला हात लावतात आणि म्हणतात, "हां, थंड आहे. आता दाब."